पंक्तीला बसू नये? मंडळी, माझा मामेभाऊ आणि नाताळचं जेवण

निळीशाई
सलाम. इथे ख्रिस्ती लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, पण जे आहेत ते विचार करून लिहितात, म्हणून इथेच विचारतेय. बाकीच्यांनीही लिहा, फक्त धर्माधर्माची जुनी भांडणं इथे आणू नका.

माझा मामेभाऊ मिसरूड फुटल्यापासून आमच्या नगरकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवतो. उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातला कुठलाही नंबर सांगा, पहिली ओळ संपायच्या आत त्याने सूर धरलेला असतो. तिशी उलटली तशी स्थळं यायला लागली. मामीने फारच लावून धरलं तेव्हा त्याने आधी घरी आणि मग स्वतःहून पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, सांगितलं, की त्याला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही, आणि पुण्यात ज्या मित्राबरोबर तो राहतो तो नुसता खोलीतला सोबती नाही.

पाळकसाहेब माणूस भला. पण गोष्ट पंचांत गेली. निर्णय असा झाला: उपासनेला ये, पेटी वाजवायची नाही, प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घ्यायचं नाही. इथपर्यंत आम्ही सगळ्यांनी गिळलं. वाईट वाटलं, पण मंडळीची शिस्त म्हणून मान्य केलं. मग कापणीच्या सणाला उपासनेनंतर पंगत बसली. हा पाण्याचा जग घेऊन वाढायला निघाला होता. मंडळीतल्या एका ज्येष्ठ वडिलांनी त्याला बाजूला घेतलं, खिशातून छोटं शास्त्र (बायबल) काढलं आणि पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन, १ करिंथ ५:११, वाचून दाखवलं: बंधू म्हणवणारा कोणी जारकर्मी असेल तर त्याच्या पंक्तीसही बसू नये. त्याने जग टेबलावर ठेवला आणि तसाच गाडीला किक मारून पुण्याला निघून गेला.

आता नाताळ आलाय. २५ तारखेला दुपारी सगळं खानदान आमच्याकडे जेवतं. थोरल्या काकांनी निरोप पाठवलाय, तो येणार असेल तर आमची पानं मांडू नका.

माझा प्रश्न समलैंगिकता पाप आहे की नाही हा नाही. त्यावर हाणामारी होणार हे ठाऊक आहे. पाप आहे असं धरूनच विचारते: हे वचन घरच्या ताटापर्यंत येतं का?

चिंचेची_सावली
मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे बाळबोध विचारते. पंच म्हणजे जातपंचायत का? आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तर २०१८ मध्येच गेलं ना? मग हे कुठल्या अधिकारात?

निळीशाई
नाही हो, जातपंचायत नाही. सभासदांनी निवडून दिलेली कमिटी असते, पाळक तिचे अध्यक्ष. हिशेब, इमारत, स्मशानभूमी आणि कधीकधी लोकांची वागणूक. आणि ३७७चा इथे संबंध नाही. कायद्याने गुन्हा नसलेल्या कितीतरी गोष्टी मंडळीच्या लेखी पाप असतात. खोटं बोललं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही.

होरेब
निळीशाई ताई, दुःख समजतं. पण प्रश्न विचारलात तर उत्तर ऐकायचीही तयारी ठेवा.

उत्पत्ती २ मध्ये देवाने लग्न नेमलं, मत्तय १९ मध्ये खुद्द प्रभूने तेच वचन पुन्हा उच्चारलं. लेवीय १८:२२, रोम १:२६-२७, १ करिंथ ६:९, १ तीमथ्य १:१०. हे सगळं मी लिहिलेलं नाही. मला बदलता आलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं, कारण माझ्याही नात्यात असा एक मुलगा आहे. पण शास्त्र आपल्या नातेवाइकांकडे पाहून वाचायचं नसतं.

तुम्हाला एकच विचारतो. हाच भाऊ उद्या लग्नाच्या बायकोला सोडून दुसऱ्या बाईबरोबर राहायला लागला असता, तर नाताळला त्या दोघांना जोडीने बोलावलं असतं का? नसतं ना? मग इथे वेगळा न्याय कशाला?

पौलाने बाहेरच्यांना टाळा असं म्हटलेलं नाही. बाहेरच्यांचा न्याय देव करील म्हणतो. जो स्वतःला भाऊ म्हणवतो आणि पाप सोडत नाही त्याच्याबद्दल म्हणतो. शिस्त त्याला परत आणण्यासाठी असते, हाकलण्यासाठी नाही. आणि शिस्त सोडली की काय होतं ते अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं पाहा. २०१९ पासून २०२३ अखेरपर्यंत तिथल्या सुमारे पाव मंडळ्या बाहेर पडल्या. मे २०२४ मध्ये शार्लटच्या परिषदेने समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे हे १९७२ पासूनचं वाक्यच नियमावलीतून काढून टाकलं. आपल्याला तिकडे जायचंय का?

बत्ताशा
होरेबभाऊ, ते ५:११ पूर्ण वाचा की. जारकर्मी, पुढे? लोभी, मूर्तिपूजक, चहाडखोर, मद्यपी, वित्त हरण करणारा. आमच्या गावच्या पंचांत दोघं जण रोज संध्याकाळी 'बसतात'. एकाने मिशनच्या जागेवर गाळे काढून भाडं घरी नेलं, केस चालू आहे. चहाडीबद्दल तर बोलायलाच नको, उपासना सुटली की फाटकापाशी तीच उपासना सुरू होते. यांच्यापैकी कुणाला आजवर पंगतीतून उठवलेलं मी पाहिलं नाही. उलट मटणाचा पहिला वाटा तिकडेच जातो.

यादीतला एकच शब्द लाल शाईने छापलाय का तुमच्या शास्त्रात?

होरेब
बत्ताशा, दुसऱ्याला शिक्षा झाली नाही म्हणून मला नको, हा युक्तिवाद चोराचा असतो. दारुड्या पंचांना काढा, मी पहिली सही करतो. पण तुमचा टोला बसला हे मान्य.

उत्तनची_होडी
आमच्याकडे, म्हणजे कॅथलिकांत, हे थोडं वेगळ्या रीतीने चालतं. पण गोंधळ काही कमी नाही.

धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तीन परिच्छेद आहेत, २३५७ ते २३५९. पहिल्यात कृत्य चूक म्हटलंय, तेही कडक शब्दांत. दुसऱ्यात म्हटलंय, अशा माणसांना आदराने, कनवाळूपणे वागवा, अन्याय्य भेदभावाची खूणही दिसू देऊ नका. तिसऱ्यात ब्रह्मचर्याचं बोलावणं आहे. आमचे लोक पहिला परिच्छेद तोंडपाठ म्हणतात, दुसरा आठवत नाही आणि तिसरा दुसऱ्याच्या पोरासाठी राखून ठेवतात.

पोप फ्रान्सिस जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत म्हणाले होते, समलैंगिक असणं गुन्हा नाही. पाप आणि गुन्हा यांत फरक करा. आणि एकमेकांवर प्रीती न करणं हेही पापच. त्याआधी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३७७ परत आणलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस यांनीही सांगितलं होतं की चर्चने या लोकांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रोमहून पत्रक आलं, अशा जोडप्याने आशीर्वाद मागितला तर फादर देऊ शकतात. विधी म्हणून नाही, लग्नासारखं काही दिसता कामा नये, उभ्या उभ्या एखादी छोटी प्रार्थना. त्यावर आफ्रिकेतल्या बिशपांनी महिन्याभरात कळवलं, आमच्याकडे हे होणार नाही. म्हणजे आमचंही घर एका सुरात गात नाही.

कम्युनियनबाबत, म्हणजे प्रभुभोजनाबाबत, शिकवण अशी की गंभीर पापात असलेल्याने आधी पापनिवेदन करावं. पण रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला फादर सहसा प्रश्न विचारत नाहीत. आणि घरच्या जेवणाबद्दल तर कुणी फादर काही बोलला असं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. नाताळला आमच्या आईच्या फुग्यांना (तळलेल्या गोळ्यांना) नाही म्हणायची हिंमत बिशपांचीही नाही.

जुना_कंदील
मी निवृत्त पाळक. मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यात सेवा केली. थोडं लांब लिहितो, वयाची सवय.

आधी माझी बाजू उघड करतो, म्हणजे कोणाची फसगत नको. लग्न पुरुष आणि स्त्रीचं, ही शिकवण मी दिली आणि आजही मानतो. दोन पुरुषांचं लग्न माझ्याकडे आलं असतं तर मी लावलं नसतं. हे वाचून काही जण इथेच थांबतील, थांबोत.

आता करिंथ. पौल ज्या प्रकरणावर चिडला ते पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत आहे: एकाने बापाची बायको ठेवली होती. आणि पौलाचा राग त्या माणसाइतकाच मंडळीवर आहे. तुम्ही फुगला आहात, म्हणतो. मंडळी त्या गोष्टीची शेखी मिरवत होती. निळीशाईंच्या भावाने काय मिरवलं? मामीने स्थळ आणलं तेव्हा एका पोरीचं आयुष्य वाया जाऊ नये म्हणून तो खरं बोलला. मिरवणाऱ्यासाठी लिहिलेलं वचन कबूल करणाऱ्याच्या तोंडावर वाचलं गेलं. आणखी एक. पौलाच्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो, आता पुरे, त्याला क्षमा करा, त्याचं सांत्वन करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. तो तोच माणूस असं पुष्कळ भाष्यकार धरतात. आमच्या मंडळ्यांत पहिलं पत्र वाचणारे खूप, दुसऱ्यापर्यंत पोचणारे थोडे.

पण निळीशाई बाई, मी तुमच्या सोयीचं तेवढंच सांगणार नाही. 'पंक्तीस बसू नये' हे फक्त प्रभुभोजनाबद्दल आहे असं काही जण म्हणतात. बरेच विद्वान ते साध्या जेवणालाही लावतात. वचन कडक आहे. ते धुऊन पांढरं करता येत नाही.

तरीही माझ्या मते तीन जेवणं वेगळी आहेत. प्रभूची मेज, तिच्यावर पाळकाची आणि पंचांची जबाबदारी आहे. सणाची पंगत, ती मंडळीची. आणि घरचं ताट, ते आईचं. पौलाने पत्र मंडळीला लिहिलं. आईला लिहिलं नाही. मत्तय १८ मध्ये प्रभू म्हणतो, जो मंडळीचंही ऐकत नाही त्याला जकातदारासारखा समज. हे ज्याने लिहून ठेवलं तो मत्तय स्वतः कोण होता? जकातनाक्यावरून उठवून आणलेला, आणि मग प्रभू त्याच्या घरी जकातदारांच्या घोळक्यात जेवायला बसलेला. लूक १५ मधली परूशांची, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्यांची, तक्रारही तीच, हा पाप्यांबरोबर जेवतो. शेवटच्या रात्री प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचा हात त्याच मेजावर होता. त्याला उठ असं कुणी म्हटलं नाही.

एक गोष्ट आपल्या मुलखाची. आपल्या आज्या-पणज्यांना ख्रिस्ती होण्यात सगळ्यात जड काय गेलं? त्रैक्य समजणं नव्हे. एका पंगतीत बसणं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी आल्या, आणि मधल्या काळात सोवळं त्यांच्या अंगातून सहज निघालं नाही. महारवाड्यातला, मांगवाड्यातला आणि ब्राह्मण आळीतला माणूस एका ओळीत जेवला, तेव्हा कुठे आमची मंडळी झाली. ज्या समाजाला शतकानुशतकं पंगतीबाहेर ठेवलं त्याच्याच नातवाने आज दुसऱ्याला पंगतीतून उठवताना हात थोडा तरी थरथरायला हवा होता.

होरेब
रेव्हरंडसाहेब, आपला आदर आहेच. पण जातीची तुलना पटत नाही. जात जन्माने चिकटते, ते पाप नव्हे. पौल वागणुकीबद्दल बोलतोय. अशी तुलना केली की कुठलंही पाप 'अन्याय सोसणाऱ्याची बाजू' होऊन बसतं.

जुना_कंदील
रास्त आहे. दोन्ही गोष्टी सारख्या असं माझं म्हणणं नाही. पंगतीतून उठवणं आपल्याकडे काय करतं, एवढंच सांगायचं होतं. करिंथात ती एक शिक्षा असेल. नगर जिल्ह्यात ती जुनी जखम आहे. पाळकाला दोन्ही माहीत असावं लागतं.

काठावरचा
बरेच दिवस नुसता वाचक आहे. आज लिहितो.

मीही तसाच. नाशिककडचा. फरक एवढाच की होरेबदादा जे मानतात ते मीही मानतो. विचार करून, शास्त्र पुन्हा पुन्हा वाचून ठरवलं की एकटं राहायचं. कुणी जबरदस्ती केली नाही. ते बरोबर की चूक यावर माझ्याशी वाद घालू नका, माझं आयुष्य आहे.

पण दोन्ही बाजूंना एक सांगायचंय. माझ्या पाळकांना सांगितलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, लग्न कर, सगळं ठीक होईल. म्हणजे जी शिकवण ते मला देतात तिच्यावर त्यांचाच विश्वास नाही. पौल स्वतः बिनलग्नाचा होता, प्रभूही. पण आमच्या मंडळीत चाळिशीचा अविवाहित पुरुष म्हणजे एकतर पोरींच्या बापांचा लाडका नाहीतर संशयित.

मला ब्रह्मचर्य सांगता, ठीक. मग रविवारी दुपारी मी कुठे जेवू? उपासना साडेदहाला सुटते. सगळे आपापल्या घरी मटण शिजायला टाकलेलं असतं तिकडे पळतात. मी खानावळीत जातो, तीही रविवारी अर्धा दिवस असते. आजारी पडलो तर डबा कोण आणणार? म्हातारपणी कुणाच्या ओसरीवर बसणार? ज्यांना वाटतं की माझ्यासारख्याने जोडीदार शोधू नये, त्यांच्यावर मला घरात घेण्याची जबाबदारी दुप्पट येते. जोडीदार नको, आणि पंगतही नको? मग देवाने 'मनुष्य एकटा असावा हे बरे नव्हे' असं म्हटलं ते कुणाबद्दल?

निळीशाई ताई, तुमच्या भावाने माझ्यापेक्षा वेगळी वाट धरलीय. माझ्या मते ती चुकीची. पण त्याला जेवायला बोलवा. कुणी ताटावरून उठवलं म्हणून पवित्र झालेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

चिंचेची_सावली
काठावरचा, नाशिकला असाल तर आमच्याकडे या हो रविवारी. आम्ही शाकाहारी आहोत, चालवून घ्या.

बत्ताशा
^ मंडळीच्या आधी चिंचेच्या सावलीने बोलावलं. नोंद घ्यावी.

होरेब
काठावरचा, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. तुमच्यासारखा आमच्या मंडळीत कुणी असेल तर तो आमच्यासमोर बोलणार नाही, हे मला आत्ता कळतंय. आमची तशी हवाच नाही. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. माझी बायको पुरणपोळी करते, मटणही.

पण ताईंच्या भावाचा प्रश्न वेगळा आहे, हे तुम्हीही मान्य केलंत.

लेकराची_माय
माझा मुलगा. नाव, गाव काही लिहीत नाही.

त्याने सांगितलं तेव्हा मी घाबरले आणि एका ठिकाणी 'सुटकेच्या प्रार्थने'ला घेऊन गेले. उपास, रात्रभर ओरडणं, डोक्यावर हात, नाव घेऊन दुष्टात्म्याला हुकूम. पोरगा शेवटी म्हणाला, आई, निघालं म्हणतो, आता घरी चल. त्यानंतर तो कुठल्याच चर्चमध्ये गेला नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की हा आजार नाही, आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तसं म्हटलंय, आणि बदलण्याचे असले उपचार करणं २०२२ पासून डॉक्टरांसाठी गैरवर्तन धरलं जातं. अमेरिकेत हेच काम करणारी एक्सोडस नावाची मोठी ख्रिस्ती संस्था होती, तीही २०१३ मध्ये बंद झाली, आणि तिच्या प्रमुखाने लोकांची माफी मागितली. मला हे सगळं आधी कुणी सांगितलं नाही.

पाप असेल तर देव बघेल. मी त्याला रोज फोन करते, जेवलास का विचारते. बाकी काही विचारत नाही.

साक्षीदार_क्र_२
वकील आहे, फुकट सल्ला देतोय म्हणून हलका धरू नका.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून लागू. समाजातल्या माणसाला वाळीत टाकणं, सामाजिक-धार्मिक कार्यक्रमापासून तोडणं गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो फक्त जातपंचायतींपुरता आहे असा समज आहे, पण 'समाज' या व्याख्येत एका धर्माचे लोकही येतात. प्रभुभोजन कुणाला द्यायचं हा मात्र धर्माच्या आतला प्रश्न, तिथे कोर्ट सहज शिरणार नाही. सणाच्या सार्वजनिक पंगतीतून उठवणं ही त्या दोहोंच्या मधली जागा.

पोलिसात जा असं मी म्हणत नाही. भावाला त्या मंडळीत परत पेटी वाजवायची असेल तर एफआयआर हा फार वाईट सूर आहे. पण पंचांना कायदा आहे एवढं कुणीतरी चहाच्या कपावर सांगायला हरकत नाही.

दूरदेशी
इंग्लंडहून. इथल्या मेथडिस्ट मंडळीने जून २०२१ मध्ये २५४ विरुद्ध ४६ मतांनी समलिंगी लग्नांना वाट मोकळी केली. कुठल्या पाळकावर सक्ती नाही, ज्याला पटत नाही त्याने लावू नये. मी त्याच मंडळीत जातो, जोडीदारासह. होरेबदादांना आवडणार नाही, असो.

इथलं खरं सांगतो. ठराव झाला म्हणून पंगत झाली असं नाही. इंग्रज लोक सौजन्याने हसतात, चहा-बिस्किट देतात आणि घरी जातात. तीन वर्षं मी त्या मंडळीत 'स्वागत आहे' असा माणूस होतो. पहिल्यांदा घरी जेवायला कुणी बोलावलं? नायजेरियन आजीबाईंनी, ज्यांनी त्या ठरावाला मनापासून विरोध केला होता. जेवताना त्यांनी मला स्पष्ट सांगितलं की माझं चुकतंय, आणि मग आणखी भात वाढला. आम्ही अजून एकमेकांना पटवू शकलेलो नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी जातो.

उत्तनची_होडी
आजीबाईंना आमचा नमस्कार सांगा. असले लोक चर्चा संपवतात, सिनॉड (बिशपांच्या सभा) नाही.

होरेब
दूरदेशी, वाचलं. त्या बाईंनी खरं सांगणंही सोडलं नाही आणि वाढणंही सोडलं नाही, हे मला पटलं. तुमच्या मंडळीचा ठराव मात्र मला पटत नाही.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

रेव्हरंडसाहेबांचं 'पौलाने पत्र मंडळीला लिहिलं, आईला लिहिलं नाही' हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिहिलं असतं तरी मी उत्तर पाठवलं असतं. मामेभाऊ यायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, माझ्यामुळे तुमची घरं तुटायला नकोत. मी काठावरचा यांचा प्रतिसाद त्याला पाठवला. त्याने वाचला, आणि फक्त विचारलं, हा माणूस पेटी वाजवतो का? (काठावरचा, तो तुमच्याशी बोलू इच्छितो. बघा.)

थोरल्या काकांना मी सांगितलं, पानं सगळ्यांची मांडणार, उठायचं त्याने उठावं. होरेबकाकांच्या प्रश्नाचाही मी विचार केला: बायको सोडून आलेल्या भावाला जोडीने बोलावलं असतं का? खरं सांगायचं तर आमच्याच खानदानात तसा एक जण आहे, आणि गेली कित्येक वर्षं तो जोडीनेच येतो. काकांचा मेहुणा. त्यांच्याच शेजारी बसतो. हे मी फोनवर म्हटल्यावर काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, तुझ्या काकूला विचारून सांगतो.

पाळकसाहेबही येतो म्हणालेत, पण मंडळीतल्या त्या ज्येष्ठ वडिलांना कळू नये म्हणून चार वाजता, चहाला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बत्ताशा
याला निकदेम म्हणायचं, येशूकडे रात्री आलेला तो यहूदी पुढारी. तो बिचारा निदान अंधार पडायची वाट बघायचा.

जुना_कंदील
बत्ताशा, हसू नका. निकदेम रात्री आला, पण प्रभूच्या दफनाच्या दिवशी उजेडात आला होता. पाळकाला वेळ द्या. त्याचा पगार त्याच पंचांच्या सहीने निघतो, हे मी भोगलंय.

होरेब
ताई, एक विचारतो. मी नगरला २४ ला येतोय, सासुरवाडी आहे. तुमच्या भावाला भेटायचं म्हटलं तर चालेल का? वाद घालायला नाही. पंचांत मला कुणी मत विचारलं तर मी पेटीला नाहीच म्हणेन, हे त्याला आधीच सांगा, म्हणजे मागून बोलला असं व्हायला नको. पण पंगतीतून उठवणं मला पटलेलं नाही, हेही त्याला समोर सांगायचंय.

निळीशाई
या, काका. त्याला सांगितलंय. म्हणाला, येऊ देत, पण भजनाला टाळ धरायला लावीन. जेवण दीड वाजता. काकूंनाही आणा, आणि मुलं किती ते आधी कळवा, करंज्या त्या हिशेबाने करायच्या आहेत.